कानामागचा दाणा

प्रिय बाळ,

फोन लागला नाही म्हणून लिहितेय असं समजू नकोस, फोन मी केलेलाच नाही. फोनवर आपण काय बोलतो ते तुलाही ठाऊक आहे. जेवलीस का, सर्दी गेली का, बाबांचा गुडघा कसा आहे, बरं ठेवू का. त्या चार वाक्यांत हे कुठे कोंबू? आणि तू मध्येच "आई, मला काम आहे" म्हणालीस, की मी घाबरून "बरं बरं" म्हणणार आणि सगळं राहून जाणार. पत्र घडी करून बाजूला ठेवलंस तरी ते तिथेच पडून राहील. कधीतरी वाचशील. पण शनिवारच्या आत वाचलंस तर बरं होईल.

घरचं सगळं ठीक आहे. निवृत्त झाल्यापासून बाबांनी घरातल्या एकूण एक बिजागरीला तेल घातलं, आता शेजाऱ्यांच्या दारांकडे डोळा आहे. माझी कामाची खोली होती तशीच आहे. खिडकीखालचं लांब टेबल, तारेवर ओळीनं लटकवलेले बाहुल्यांचे हात-पाय. परवा मीटर बघायला आलेला माणूस ते पाहून दारातच थबकला, तर बाबा त्याला म्हणतात, "घाबरू नका, वेळेवर बिल भरणाऱ्यांना ती काही करत नाही." तुझ्या उंच स्टुलावर आता रेझिनचे डबे असतात. ह्या आठवड्यात मात्र त्या टेबलावर एकच वस्तू आहे आणि मी तिच्यासमोर बसून आहे. बाबा चहा आणून ठेवतात आणि विचारतात, "अजून तिच्या कानामागेच अडकलीस का?" मी हो म्हणते. ते पुढे विचारत नाहीत. तुझ्यासारखेच आहेत, किंवा तू त्यांच्यासारखी.

त्या वस्तूबद्दल सांगते. तीन महिन्यांपूर्वी आमच्या बाहुलीवाल्यांच्या मंडळात बोभाटा झाला, की माझ्या बाहुलीच्या नकला विकल्या जात आहेत. माझी म्हणजे ती, जिच्या मी मोजून तीस प्रती काढल्या, प्रत्येकीच्या डोक्याच्या आतल्या बाजूला नंबर कोरला आणि मग थांबले. नकलेला ना नंबर, ना पेटी. जाहिरातीत फोटोखाली एकच ओळ होती: हा चेहरा बनवणारीच्या मालकीचा नाही. बैठकीत ती वाचून दाखवली तेव्हा सगळे खवळले. चोर तो चोर आणि वर तोंड करून बोलतोय, असं झालं. मीही खवळले. एका चेहऱ्यामागे माझे आठ-नऊ महिने जातात हे तू पाहिलंयस. ओठांच्या कडेला अर्धा केसभर माती जास्त झाली तर मी आठवडा फुकट गेला म्हणून रडायची. आणि कुणी तरी तयार बाहुली घ्यायची, तिच्यावर सिलिकॉन ओतून साचा काढायचा आणि चार दिवसांत माझे नऊ महिने खिशात घालायचे? अध्यक्षबाईंनी एक नक्कल मागवून माझ्या हातात दिली आणि सांगितलं, ही कोणत्या नंबरवरून ओतलीय ते शोधा, म्हणजे घरभेदी सापडेल. ओतलेलं रेझिन आटतं, म्हणून नक्कल मूळ बाहुलीपेक्षा किंचित लहानच निघते, माझ्या बाहुलीचे बूट तिच्या पायातून गळून पडले. ओठांच्या कडा बोथट झालेल्या. त्या बोथट ओठांवरून मी अंगठा फिरवला आणि सांगते, ज्याने हे केलं त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं.

मग मी तिचा केसांचा टोप काढला. डाव्या कानामागे, खाली, मोहरीएवढा उंचवटा होता.

तो अध्यक्षबाईंनीही पाहिला होता आणि तीस मालकांना टोप काढून कानामागचे फोटो पाठवायला सांगितलं होतं. एकोणतीस जणांनी पाठवले. सात नंबरवाल्या टोपीमावशींनी नाही पाठवले. त्या तू गेल्यानंतर मंडळात आल्या, म्हणून तुला माहीत नसतील. नवरा गेल्यावर एकट्या राहतात, बाहुल्यांसाठी लोकरीच्या टोप्या विणतात, इतक्या सुबक की टाके दिसत नाहीत. त्यांनी आपल्या बाहुलीचा टोप कायमचा चिकटवून टाकलाय. तो ओढला तर खालचा रंग निघेल. त्या सरळ म्हणाल्या, "तुमच्या संशयापायी मी माझ्या पोरीचे केस उपटायचे? जमणार नाही." झालं. शिवाय गेल्या वर्षीची गोष्ट लोकांच्या डोक्यात होतीच. एका नव्या मुलीने नकळत आणलेली नक्कल बैठकीत सापडली, सगळे खुर्च्या मागे सारून बसले, आणि मावशींनी ती बाहुली उचलून मांडीवर घेतली. म्हणाल्या, "हिने काय केलंय? आपण नकली आहोत हे हिला तरी ठाऊक आहे का?" मी त्यांना चिडून विचारलं होतं, तुमच्या टोपीचा नमुना कुणी चोरला तर? तर हसून म्हणतात, "चोरू दे की. तेवढीच चार डोकी जास्त झाकली जातील." असं बोलणाऱ्या बाईवर आळ यायला कितीसा वेळ लागतो?

मावशींच्या बाहुलीच्या कानामागे काहीही नाही, हे मला टोप न काढता ठाऊक आहे. तीसपैकी कुणाच्याच नाही. साच्यातच नाही, तर येणार कुठून? तो उंचवटा जगात एकाच डोक्यावर होता. साचा बरोबर झालाय का हे बघायला ओतलेल्या पहिल्या डोक्यावर. हवेच्या बुडबुड्यामुळे तिथे खड्डा पडला, मी पुट्टी भरली, आणि घासायला तुला दिली. तू दहा वर्षांची होतीस. पॉलिश पेपर दोनदा फिरवलास आणि म्हणालीस, "राहू दे ना आई, केसांखाली कोण बघतंय?" म्हणून राहिला. त्या डोक्याला नंबर नाही. ते कधी विकलं नाही. काचेच्या कपाटात वरच्या फळीवर असायचं, आणि सहा वर्षांपूर्वी तू गेलीस त्या दिवशी ती फळी रिकामी होती. मी बाबांना म्हटलं, बघा, कितीही रागावली तरी माया आहे, बाहुली घेऊन गेली. त्या रिकाम्या फळीवर मी अजून काही ठेवलेलं नाही.

पहिले दोन दिवस मी तुला वाचवत होते. बाहुली हरवली असेल, मैत्रिणीने ढापली असेल, नडीला विकली असेल. मग नक्कल खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे ओतलेल्या डोक्यावर बारीक रेघ राहते. सगळे ती कानापुढून नेतात, कारण डोकं सोडवायला सोपं जातं. मी ती कानामागून, केसांच्या खालून नेते, म्हणजे चेहऱ्याला पॉलिश पेपर लावावाच लागत नाही. ही पद्धत मी आयुष्यात एकाच माणसाला शिकवली. ते माणूस आता दातांच्या कवळ्या बनवतं, आणि गेल्या वाढदिवसाला फोनवर म्हणालं होतं, "दिवसभर साचेच काढते, तुझंच नशीब आलंय वाट्याला." मला तेव्हा ते ऐकून बरं वाटलं होतं. नकलेवरची रेघ कानामागून गेली आहे, बाळ. आणि सफाईदार गेली आहे. माझ्यापेक्षाही.

हे कळल्यावर मी काय केलं ते ऐक, कारण त्याची मला लाज वाटते. गेल्या बैठकीत मला विचारलं, काही सापडलं का? मी म्हटलं, अजून बघतेय. बास, एवढंच. तेवढ्यावर अध्यक्षबाईंनी मावशींना सांगितलं, निकाल लागेपर्यंत तुम्ही येऊ नका. मावशींनी विणकामाची पिशवी भरली. जाताना माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाल्या, "तुझं काम चोरायला मला जन्म पुरायचा नाही गं. मला तर अजून डोळे रंगवता येत नाहीत." मी त्यांच्याकडे बघितलं नाही. टेबलावरच्या नकलेकडे बघत बसले. दर बैठकीला त्यांचं टोप्यांचं टेबल दाराशी असायचं, ते कुणीतरी भिंतीला उभं करून ठेवलं.

घरी आले तेव्हा ती जाहिरातीतली ओळ डोक्यातून जाईना. हा चेहरा बनवणारीच्या मालकीचा नाही. सगळ्या मंडळाला ती निर्लज्ज थाप वाटली. मलाही वाटली होती, तीन महिने.

तुला त्या नावाने हाक मारणार नाही असं मी कबूल केलंय, म्हणून ते लिहीत नाही. पण घरात तुला त्या नावाने आम्ही हाक मारायचो, तुझी डावी पापणी जन्मापासून थोडी उतरलेली होती म्हणून, आणि मी तेच नाव बाहुलीला दिलं. तशीच पापणीही दिली. लोक त्या पापणीवरच भाळले. तू चौदा वर्षांची असताना प्रदर्शनात एका बाईंनी तुझी हनुवटी धरून वर केली. "अगबाई, ही बघा खरी! पापणीसुद्धा तश्शीच!" माणसं जमली. कुणीतरी बाहुली तुझ्या गालाला लावून फोटो काढला. तू माझ्याकडे बघत होतीस, आणि मी, तुझी आई, हसून म्हणाले, "हो, हीच ती." घरी येताना तू विचारलंस, "आई, त्या सगळ्यांच्या घरी मी आहे का?" मी म्हटलं, वेडी, बाहुली आहे ती. शाळेत तुला त्या पापणीवरून काय काय ऐकावं लागायचं हे मला माहीत होतं, तरीही म्हटलं. पुढे बाविसाव्या वर्षी तू स्वतःच्या पैशांनी, आम्हाला न सांगता, पापणीची शस्त्रक्रिया करून आलीस. पट्टी काढल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "अगं, छान होतं की ते." पंधरा दिवसांनी तू घर सोडलंस.

माझी चूक मोठी म्हणून तुझी माफ, अशी बेरीज-वजाबाकी मी करत नाही. तू केलंस ते मला मान्य नाही. तू माझ्यावर चिडून केलंस, पण भोगतेय कोण, तर जिने तुला कधी पाहिलंही नाही अशी एक बाई. हे तुला ठाऊक नसणार. म्हणून कळवलं.

ह्या पार्सलमध्ये पत्राखाली जुन्या लोकरीच्या टोपीत गुंडाळलेलं मातीचं मूळ डोकं आहे, आणि साच्याचे दोन्ही भाग आहेत. तू काप, ठेव, फेक, मी विचारणार नाही. रविवारी अकराला वाचनालयाच्या वरच्या खोलीत बैठक आहे. मी उठून सांगणार आहे, की नकला सात नंबरवरून नाहीत, माझ्याच घरातल्या पहिल्या डोक्यावरून काढल्या आहेत, आणि मला हे गेल्या बैठकीतही माहीत होतं. सगळ्यांसमोर मावशींची माफी मागणार आहे. हे ठरलंय, तू काहीही म्हणालीस तरी. मग विचारतील, ते डोकं कुणाकडे होतं? मी खोटं बोलणार नाही. माझं घोडं अडलंय ते त्याच्या पुढे. तो चेहरा मुळात कुणाचा आणि मी तो कसा उचलला, हे सांगितलं नाही तर तू नुसती चोर ठरशील. सांगितलं, तर पुन्हा तेवढी माणसं मनातल्या मनात तुझी हनुवटी वर करून बघतील. हे माझं मी ठरवू शकत नाही. एकदा ठरवलं होतं. तू नऊ वर्षांची होतीस, सुट्टीची दुपार होती, माझं काम संपायची वाट बघत त्या लांब टेबलावर डोकं टेकून तुला झोप लागली होती, आणि मी हातातलं काम सोडून माती ओढली. झोपलेल्या पोरीला काय विचारायचं, असं इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले. आता तू जागी आहेस. शनिवारपर्यंत एक फोन कर, हो किंवा नको, एवढंच म्हण. तुझा चेहरा होता, हे सांगू का?

तुझीच,
आई