तळे, टँकर आणि आर्नीचा बाक

हॅचेट क्रीकच्या रहिवाशांनो, हे मृत्युपत्र वकिलाच्या कपाटासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. अग्निशमन केंद्राच्या शेडमध्ये सगळ्यांना जमवून ते मोठ्याने वाचावे. आपली एक तक्रार सामाईक आहे: बंब उशिरा येतो. खरे आहे, येतो. का येतो हे मी आजवर प्रत्येक सभेत ओरडून सांगितले. आता दम उरलेला नाही, म्हणून लिहिते.

मी, अडेलिया टर्नक्विस्ट, कै. आर्नी टर्नक्विस्ट यांची पत्नी, वय शहात्तर, राहणार हॅचेट क्रीक, कोलोरॅडो, हे मृत्युपत्र स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाविना करीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत, डॉक्टरांच्या मते पुढचा उन्हाळा मला दिसणार नाही. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती मी रागाच्या भरात लिहिली होती. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून आमच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचा प्रमुख डेल प्रुइट याला नेमते. त्याला विचारलेले नाही. विचारले असते तर पाठीचे दुखणे सांगत बसला असता.

१. माझे राहते घर, आतील सामानासह, पुतण्या कर्टिस याला मिळावे. तो डेन्व्हरला असतो आणि फोन केला की दुसऱ्याच वाक्याला विचारतो, "काकू, तळ्याचं काय ठरवलंत?" त्याचे उत्तर पाचव्या कलमात आहे. घर विकायचे असल्यास विकावे, पण तोवर छपरावरच्या पाइनच्या सुया दर वसंतात झाडून काढाव्यात. नुसते कुलूपबंद घर म्हणजे शेजाऱ्याच्या दारात ठेवलेले सरपण.

२. माझी पुस्तके केंद्रातल्या फळीवर ठेवावीत. इतिहास आहे, गाजलेले खटले आहेत, मोठमोठ्या वक्त्यांची भाषणे आहेत. कॉफी होईपर्यंत कोणीही चाळावीत. माझ्या स्वतःच्या भाषणांचे कागद मात्र नष्ट करावेत. जाळू नयेत. या डोंगरावर कोणीही काहीही जाळू नये.

३. आर्नीची करवत डेलला. आग विझवताना घालायचे माझे बूट काउंटी प्रशासनातल्या त्या अधिकाऱ्याला, ज्याने भर सभेत आम्हाला "हौशी मंडळी" म्हटले. चिखल न पुसता पाठवावेत.

४. बाक. याविषयी डोंगरावर बऱ्याच कथा पसरल्या आहेत, म्हणून घडले तसे सांगते.

आर्नी आयुष्यभर दलात होता आणि प्रमुख असतानाच गेला. तुम्ही त्याच्या स्मरणार्थ वर्गणी काढली. दलासाठी दरवर्षी पॅनकेकची न्याहारी भरवणाऱ्या बेव्हर्ली स्ट्राउडने पुढाकार घेतला, आणि मी बहिणीकडे नेब्रास्कात गेलेली असताना माझ्या तळ्याकाठी त्याच्या नावाचा ग्रॅनाइटचा बाक बसवला, खाली काँक्रीट ओतून. मला चकित करायचे होते. रविवारी अनावरण ठरले होते. शनिवारी मी परत आले, आणि बॅगही उघडली नव्हती तोच बेव्हर्लीच्या घरामागचे रान पेटले.

टँकरमधले पहिले पाणी तिच्या परसातच संपले. टँकर पुन्हा भरायला मी तळ्यावर आणला. काठाला लाल तोंडाचा पाइप आहे. टँकर उलटा नेऊन त्याला भिडवला, तरच पाणी खेचता येते. मी उलटा घेत होते आणि मागे उभा राहून डेल हाताने खुणा करत होता. तो एकदम दोन्ही हात वर करून थांबला.

"थांब बाई. मागे नाही येता येत."

"का?"

"चीफ बसलाय."

"कोण?"

"आर्नी."

मी उतरून पाहिले. ताडपत्रीखाली आर्नीचा बाक होता, पाइपच्या बरोबर पुढ्यात. तळे सगळ्यात सुंदर तिथूनच दिसते, हेही खरे.

"ढकलू या?" मी विचारले.

"जिवंतपणी कधी हलला होता का?" डेल म्हणाला आणि साखळी आणायला पळाला.

साखळी बांधून बाक उपटेपर्यंत बेव्हर्लीच्या घराचे छप्पर आत कोसळले होते. ती रस्त्यात उभी होती, पायात सपाता, कडेवर मांजर.

"आम्ही प्रेमानं बसवला होता गं," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला."

"त्या पाइपचं कुणी सांगितलंच नाही."

"बेव्ह, तो लाल आहे."

ती हसली, आणि हसता हसता रस्त्यातच खाली बसली.

माझा तिच्यावर राग नाही. वर्गणी अख्ख्या डोंगराने दिली होती. पण देणाऱ्यांपैकी एकानेही टँकर भरताना कधी पाहिला नव्हता. मंगळवारच्या सरावाला येणारा एक माणूस त्या समितीत असता, तर त्याने तिथे काँक्रीट ओतू दिले नसते. तुमचे आमच्यावर प्रेम आहे. फाटकाफाटकावर आभाराच्या पाट्या आहेत, न्याहारीला रांग लागते. त्या रांगेत पॅनकेक वाढायला उभे असतात तेच दोघे-तिघे, जे नंतर बंबावर चढतात.

बाक बेव्हर्लीला द्यावा. नव्या घराच्या अंगणासाठी तिने मागितला आहे.

५. तळे, त्याच्या पाण्यावरील हक्क, आणि केंद्र ज्यावर उभे आहे तो जमिनीचा तुकडा. हे सर्व दलाला मिळावे, परंतु एका अटीवर. टँकर चालवू शकणारी माणसे आज डोंगरावर दोन आहेत, डेल आणि मी. हे वाचले जाईल तेव्हा एक. येत्या जूनपर्यंत इथल्या किमान चार रहिवाशांनी टँकर चालवायचा परवाना काढावा. तसे न झाल्यास ही मिळकत कर्टिसकडे जाईल. तो ती विकेल, तिथे हॉटेल होईल, आणि तुमच्या घरासाठी खालच्या खोऱ्यातून बंब चढून येईल. तोवर घराचे काय होते, ते बेव्हर्लीला विचारावे. कर्टिस वाईट मुलगा नाही. तो डोंगरावर राहत नाही, एवढेच. तुम्ही राहता.

ही अट क्रूर आहे असे डेल म्हणतो. असेल. मी चालकांशिवायचा टँकर आणि पाहणाऱ्यांचे तळे मागे ठेवून जाऊ इच्छित नाही.

६. मला पुरावे. दहन नको, आग मी पुरेशी पाहिली. फुले नकोत. माझ्या नावाने कोठेही काहीही बसवू नये.

७. साक्षीदार नोरीन काल्डवेल, आमच्या टपाल कार्यालयातील, हिने सही करण्यापूर्वी हे सर्व वाचले. तसे वाचायची गरज नव्हती. मग म्हणाली, "मला साधी गाडीसुद्धा धड मागे घेता येत नाही, अडेलिया."

"कुणालाच येत नाही," मी म्हटले. "डेल खुणा करतो."

"आणि तो ओरडला तर?"

"तर तूही ओरड."

तिने पेन उचलले. तिचे ती ठरवेल. तुम्हाला मात्र मी शेवटचे सांगते, हात जोडून नाही, थकून: हे वाचून होईल त्याच्या पुढच्याच मंगळवारी संध्याकाळी केंद्रावर या, आणि टँकरच्या स्टिअरिंगवर बसा.

सही: अडेलिया टर्नक्विस्ट

आम्हा दोघांच्या समक्ष तिने ही सही केली, व तिच्या आणि एकमेकांच्या समक्ष आम्ही आमच्या सह्या केल्या:
नोरीन काल्डवेल, टपाल कार्यालय, हॅचेट क्रीक
इलायस मोंड्रागॉन, गुरांचे डॉक्टर, हॅचेट क्रीक

स्थळ: हॅचेट क्रीक
दिनांक: १४ ऑक्टोबर २०१९