याला पिकअप नाय

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
गुरुवार, दुकानातली जेवणाची सुट्टी

तीर्थरूप साहेबराव मामांस,

भाचा ऋतुराज याचा साष्टांग नमस्कार. (एरवी साध्या नमस्कारावर भागलं असतं, पण मागच्या फोनवर मी जे बोललो त्यानंतर आडवं पडल्याशिवाय इलाज नाही.) तुमची तब्येत बरी असेल. मामीचा गुडघा कसा आहे? मोसंबीची गळ थांबली का? तुमचा कुत्रा अनोळखी माणसाला अजून फाटकाच्या आत येऊ देत नाही का, हेही कळवा, कारण हे पत्र तुमच्या हातात पडणं माझ्या हिताचं आहे. फोनच केला असता, पण तुम्ही मला ब्लॉक केलंय. बरोबर केलंत. तुम्ही नुसतं "कॉलेजला जातोस ना रे?" एवढंच विचारलं होतं आणि मी "ही भंगार गाडी घेऊन जा तुमची" म्हणून फोन कापला. प्रश्न कॉलेजचा होता, उत्तर गाडीचं दिलं. हे असं का झालं ते समजावं म्हणून लिहायला बसलोय.

दोन गोष्टी आधी सांगून टाकतो. पहिली, मागच्या दिवाळीत माझा फोन तुम्ही उचललात तेव्हा स्क्रीनवर 'प्रणय' आलं होतं, तो पोरगा नाही. ती प्रेरणा आहे, पडेगावची, माझ्या वर्गातली. (तुम्ही "प्रणयची बहीण का तू?" विचारलंत आणि तिला "व्हय" म्हणावं लागलं, यावरून ती मला अजून ऐकवते.) दुसरी गोष्ट, ती आता माझ्या वर्गात नाही, कारण मीच कुठल्या वर्गात नाही. कॉलेज सोडून चौदा महिने झाले. तुम्हाला मी "प्रोजेक्ट चालू आहे" सांगत आलो. आईला माहीत आहे. अप्पांनाही माहीत आहे, पण ते माझ्याशी बोलत नसल्यामुळे विषय निघत नाही. प्रेरणाचं शेवटचं वर्ष मे महिन्यात संपतं. मग ती नोकरीला पुण्याला जाणार आणि मी इथं स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसून लोकांना आरसे दाखवणार.

सोडलं का, तर एका शीटवरून. ड्रॉइंगच्या सरांनी माझं गिअरचं चित्र सगळ्या वर्गासमोर धरलं आणि म्हणाले, "ऋतुराज, हा गिअर आहे का भाकरी?" वर्ग हसला. प्रेरणाही हसली. माझं डोकं तुम्हाला माहीत आहे, आईच्या म्हणण्याप्रमाणे ते तुमच्याकडून आलंय. मी शीट फाडली, दोन तुकडे टेबलावर ठेवले आणि बाहेर पडलो. मग समोरच्या टपरीवर तीन तास बसलो, कोणीतरी बोलवायला येईल म्हणून. सात चहा झाले. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी जायला लाज वाटली, तिसऱ्या दिवशी राग आला, आणि असं करत करत सेमिस्टर गेलं. (दुसऱ्या दिवशी वर्गात गिअर रेशो शिकवला म्हणे. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.)

आता गाडीचं. जानेवारीत प्रेरणाला खुलताबादला मावशीकडं जायचं होतं. मी म्हटलं, सोडतो. तुमची लाल गाडी पंधरा वर्षांची असली तरी पुढून अजून जोरदार दिसते, नाकाडावरचा तडा सोडला तर. पडेगावपासून दौलताबादपर्यंत राणीसारखी गेली. घाट लागला आणि गाडी दमली. तिसऱ्याचा दुसरा टाकला, दुसऱ्याचा पहिला. तेवढ्यात फ्लॉवरच्या पोत्यांनी भरलेला एक टेम्पो आम्हाला ओलांडून गेला, आणि त्याचा ड्रायव्हर चिडून नाही, तर आजारी माणसाकडं बघतात तसं बघून गेला. मागं प्रेरणा मोनिकाशी, म्हणजे तिच्या मैत्रिणीशी, फोनवर बोलत होती. हेल्मेटमधून मला एकच वाक्य नीट ऐकू आलं. "याला पिकअपच नाय गं."

मामा, माणसाला रात्रंदिवस टोचायला एक वाक्य पुरतं. मी ठरवलं की मे महिन्याच्या आत या गाडीला असा पिकअप आणायचा की प्रेरणाने मागं घट्ट धरून बसावं. (दोन्ही अर्थांनी.) नवी गाडी घेण्याची ऐपत नाही, म्हणून जुन्या गाडीला स्वस्तात काय काय करता येतं यावर मी महिनाभर इतके व्हिडिओ बघितले की तेवढ्यात दोन विषय सुटले असते. इरिडियमचा स्पार्क प्लग टाकला. मोकळ्या श्वासाचा एअर फिल्टर टाकला, त्याने गाडी श्वास मोकळा घ्यायला लागली पण खोकायलाही लागली, कारण फिल्टर बदलला की कार्ब्युरेटरही जुळवून घ्यावा लागतो हे व्हिडिओच्या शेवटी होतं आणि मी शेवटपर्यंत बघितला नव्हता. सायलेन्सर बदलला, तेव्हा गाडी होती तिथंच राहून फार वेगात असल्यासारखी वाटू लागली. गल्लीतल्या चंपाबाईंनी बाहेर येऊन विचारलं, "कुणाची वरात हाय का रे?" तो मी दुसऱ्या दिवशी उतरवला. पोलिसांच्या भीतीने नाही, चंपाबाईंच्या.

इथले सांडू मिस्त्री तुम्हाला माहीत आहेत, जेलच्या रस्त्यावरचे. (त्यांच्याकडं दिलेली गाडीही लवकर सुटत नाही.) त्यांनी सगळं बघितलं आणि म्हणाले, "बेटा, पैले टायरात हवा भर. चेनला तेल दे. मग बघू." मला राग आला. टायरात हवा भरून कोणाचं प्रेम जमलंय? मी म्हटलं, मला चेनचं पुढचं चक्र बदलायचंय, एका दाताने. ते म्हणाले, "वो ठीक है, पन..." पुढचं न ऐकता मी निघालो. आमच्याच दुकानातून चक्र घेतलं आणि घरीच बसवलं. होतं चौदा दातांचं, मी बसवलं पंधराचं. जास्त दात, जास्त जोर, असा माझा हिशेब.

तुम्ही शेतकरी माणूस, रहाटापासून सगळी चाकं बघितलेली, तुम्हाला इथंच हसू आलं असेल. पिकअपसाठी पुढचं चक्र लहान करतात. गिअर रेशो. मी ज्या दिवशी गेलो नाही त्या दिवशीचा धडा.

फेब्रुवारीत प्रेरणाला पुन्हा म्हटलं, चल, मावशीला भेटून येऊ. ती म्हणाली, "मावशीला मी परवाच भेटले." तरी आली, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. घाटात पहिल्याच वळणावर क्लच प्लेटचा करपलेला वास सुटला. दुसऱ्या वळणावर गाडी उभी. आम्ही उतरलो, मी ढकलू लागलो, ती माझं हेल्मेट हातात घेऊन शेजारून चालू लागली. एक टेम्पो गेला. तोच होता का माहीत नाही, पण बघणं तेच होतं. मी गाडीला लाथ मारली आणि म्हटलं, एवढं सगळं तुझ्या एका वाक्यासाठी केलं.

"कुठल्या वाक्यासाठी?"

मी सांगितलं. ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली आणि इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाली, "अरे येड्या, गाडीला 'याला' म्हणतात का? गाडीला 'हिला' म्हणतात."

मी म्हटलं, मला वाटलं इंजिनाला म्हणालीस. इंजिनाला 'याला' चालतं.

"मी तुला म्हणत होते. मोनिका विचारत होती, ऋतुराज परत कॉलेजला येतोय का. वर्ष होत आलं, याला पिकअपच नाय, असं सांगितलं मी." आता ती हसत नव्हती. "आणि त्या दिवशी मी भाकरीला हसले होते, तुला नाही. तू मागं वळून बघितलं असतंस तर दिसलं असतं."

मामा, लाथ मारली होती तिथली धूळ मी हाताने पुसली आणि गाडी पुन्हा ढकलू लागलो.

गाडी टेम्पोत घालून सांडू मिस्त्रींकडं आणली. तुमचा तो कॉलेजचा फोन आला तो वाटेत, त्या टेम्पोतच. त्यांनी चक्र बघितलं, पंधरा दात मोजले, माझ्याकडं बघितलं आणि दुकानातल्या सगळ्यांसाठी चहा सांगितला. मग मागचं चाक हाताने फिरवलं. ते फिरेना. मागच्या ब्रेकचं लायनर घासून काचेसारखं झालं होतं. "इंजन एकदम बराबर है," ते म्हणाले, "तू गाडी चालवतो तेव्हा तुझा पाय ब्रेकवर असतो. कायम." मी नाही म्हणालो. त्यांनी मला गाडीवर बसवलं आणि खाली बोट दाखवलं. पाय ब्रेकवर होता. उभ्या गाडीवरसुद्धा.

त्यांनी नवं लायनर आणि क्लच प्लेट टाकली, जुना एअर फिल्टर साफ करून परत बसवला, हवा भरली, चेनला तेल दिलं आणि पुढं तेरा दातांचं चक्र घातलं. आता ती सपाट रस्त्यावर ऐंशीच्या पुढं ओरडते, आधी शंभराला गप्प असायची. मिस्त्री म्हणतात, वरचा वेग थोडा सोडावा लागतो, तेव्हा चढ चढतो. मी काल एकटाच घाट चढून आलो. तिसऱ्या गिअरमध्ये, पाय सांभाळून. वर पोचलो आणि तुमचं बोलणं आठवलं. तुम्ही ही गाडी मला देताना म्हणाला होतात, "कॉलेजला उशीर नको व्हायला." तेवढंच म्हणाला होतात. ती भंगार नाही. हे सांगायलाच हे पत्र.

मामीला नमस्कार सांगा.

तुमचा भाचा,
ऋतुराज

ता. क. १ : घाटातून येताना कॉलेजवर थांबलो होतो. ड्रॉइंगच्या सरांना भेटलो. त्यांनी कपाटातून माझी शीट काढली, मागून चिकटपट्टी लावून जोडलेली, आणि म्हणाले, "तुझी भाकरी अजून करपली नाही." परत घेतो म्हणाले, पण सोमवारी पालक घेऊन ये. अप्पांना विचारायची माझी हिंमत नाही. मामा, तुम्ही याल का? तुम्ही काही बोलायचं नाही, सही करायची. माफी मी मागेन. सकाळी आठला पाचोडच्या फाट्यावर तुम्हाला पिकअप करायला येतो.

ता. क. २ : राग आता पूर्ण गेलाय असं मी वर कुठं लिहिलेलं नाही, ते बरं झालं. पत्र पोस्टात टाकायला गेलो आणि रांगेत मधे घुसणाऱ्याशी भांडून पत्रासकट परत आलो. आता ते गल्लीतल्या सारजाबाईंच्या हातून पाठवतोय, त्या उद्या पाचोडला लेकीकडं येताहेत. कुत्रा बांधून ठेवा.

ता. क. ३ : प्रेरणाने हे पत्र वाचलं. तिचं म्हणणं, सोमवारचं पहिल्या ओळीतच लिहायला हवं होतं. मग पत्र माझ्या हातात देत म्हणाली, "याला पिकअप नाय." पत्राला म्हणाली की मला, हे मी विचारलं नाही. (पत्र नपुंसकलिंगी आहे, 'याला' चालतं. मी बघून घेतलं.)