कोणाचा प्लेअर बरा?

अहो,

आपल्या भांडणाचा निकाल लागला. आज दुपारी, आपल्याच बैठकीत, टीव्हीसमोर. आणि तो ज्याला सांगावा असं घरात कोणी नाही, म्हणून हे पत्र.

उद्या मी अकोल्याला जाते आहे, वैशालीकडे. कायमची. तुम्ही गेल्यापासून लेक मागेच लागली होती, "आई, अमरावतीत एकटी बसून काय करून राहिली तू?" बरेच दिवस टाळलं, शेवटी हो म्हटलं. तिच्या फ्लॅटमध्ये टीव्हीखाली एकच अरुंद फळी आहे. त्यामुळे आपल्या दोन डिस्क प्लेअरपैकी एकच न्यायचा. कोणता, हे तुम्ही सांगून जायला हवं होतं. अख्खं घर माझ्या गळ्यात टाकून गेलात ते गेलात, निदान एवढं तरी!

हे सुरू कसं झालं, आठवतं? अकोल्याहून आणलेला जुना प्लेअर चांगला चालत होता. तरी रिटायर झाल्याच्या उत्साहात तुम्ही नवा मागवलात. जुना विकून टाकू म्हणालात. मग म्हणालात, विकण्याआधी दोन्ही एकदा पडताळून पाहू. एकदा! वर्ष गेलं त्यात. शेजारचे रविवारी बाहेर जेवायला जायचे आणि आपण घरी बसून डिस्कमधला तोच वाघ आधी एका प्लेअरवर आणि मग दुसऱ्यावर पाहायचो.

आणि तुमची ती पद्धत! एकच डिस्क दोनदा विकत घेणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. दोन्ही प्लेअरमध्ये डिस्क घालायची, एकाच जागी चित्र थांबवायचं. मी डोळे मिटायचे, तुम्ही रिमोटनं हा नाहीतर तो लावायचा, आणि मग हुकूम व्हायचा.

"उघड. आता सांग, कोणतं बरं दिसून राहिलं?"

"आधीचं."

"काहून?"

"या संत्र्याले देठाजवळ हिरवं कुठं आहे? असं संत्रं मोर्शीत कोणी पाहिलं का?"

वाघाच्याच डिस्कमध्ये पुढे फळबाजार होता. मोर्शीच्या संत्र्याच्या बागेत वाढलेल्या बाईला तुम्ही संत्र्याचा रंग विचारत होता, मग ऐकून तरी घ्यायचं! तुमच्या नव्या प्लेअरवर सगळी संत्री रंगपंचमी खेळून आल्यासारखी दिसायची. तुम्ही म्हणायचे, "याले जिवंतपणा म्हणतात, सुनंदा." मी म्हणायची, याला भडकपणा म्हणतात. म्हणून जुना माझा झाला आणि नवा तुमचा. जावयालाही तुम्ही पक्षात ओढायला पाहिलंत. तो बिचारा दोन्हीकडे मान हलवून चहा प्यायला.

आवाजावरून मात्र कधी वाद झाला नाही. जो जरा मोठा वाजतो तोच कानाला बरा वाटतो, म्हणून तुम्ही आधी मोबाइलवर मोजून दोन्हींचा आवाज सारखा करायचे. मग माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधून तबला ऐकवायचे. मला काही फरक कळत नाही म्हटलं की तुम्ही खूश, "फरक नसलाच पाहिजे." मग चित्रातच फरक कुठून आला? हे दोघांपैकी एकालाही सुचू नये!

दिवाळीनंतर पक्कं सांगतो म्हणालात. त्याआधीच गेलात. हे काय वागणं झालं?

तुम्ही गेल्यावर मी एकटीनं करून पाहिलं. डोळे मिटून स्वतःच बटण दाबलं. पण कोणतं दाबलं ते बोटाला माहीत असतं ना! या खेळाला दोन माणसं लागतात. एक न सांगणारं आणि एक न पाहणारं. मी रिमोट ठेवून दिला.

आज सामान बांधायचं म्हणून टीव्हीमागच्या सगळ्या वायरी काढल्या, धूळ पुसली, परत लावल्या. म्हटलं, शेवटचं एकदा पाहून घेऊ. माझा जुना प्लेअर लावला, तर संत्री भडक! तुमची संत्री, माझ्या प्लेअरवर! वाटलं, माझं डोकं फिरलं. वायरीवरून हात फिरवत मागे गेले. परत लावताना अदलाबदल झाली होती. माझ्या प्लेअरची वायर टीव्हीमागच्या तुमच्या खाचेत, म्हणजे पोर्टमध्ये, आणि तुमची माझ्या.

मला न्यायला आलेली वैशाली आत भांडी बांधत होती, तिला हाक मारली. तिनं टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरून पाहिलं. "आई, एका पोर्टवर रंग साधे ठेवेल हायेत, अन् दुसऱ्यावर दुकानातल्यासारखे भडक. टीव्ही दोघांचं वेगवेगळं ध्यानात ठेवते."

तिनं दोन्ही सारखे केले. मी डोळे मिटले, तिनं रिमोट दाबला. उघडले. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. काही म्हणता काही फरक नाही! आवाज सारखा करायची अक्कल होती, रंग सारखे करायची नव्हती. वर्षभर आपण प्लेअर पाहतच नव्हतो हो, आपल्याच टीव्हीची दोन सेटिंगं पाहत होतो.

मी इतकी हसले की खाली बसले.

"काहून हसून राहिली एवढी?" वैशालीनं विचारलं. मी सगळं सांगितलं. ती हसली, "बाबा पण ना!" म्हणाली, आणि परत भांडी कागदात गुंडाळायला लागली. तिचं काही चुकलं नाही. ही तिची गोष्टच नाही. पण मला तुमचा चेहरा पाहायचा होता. आधी तुम्ही मानलंच नसतं. टॉर्च घेऊन टीव्हीमागे शिरला असता, वायरी उलटसुलट केल्या असत्या, आणि मग कपाळाला हात लावून माझ्याकडे पाहिलं असतं. या निकालाची वाट पाहणारं जगात एकच माणूस होतं. तुम्ही गेलात त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं, तेव्हा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं, जितकं आज हसून झाल्यावर वाटलं.

"मंग आता कोणता नेतं तू? दोन्ही तं सारखेच हायेत," वैशाली म्हणाली.

"बाबाचा."

"तुले तं जुना आवडे ना?"

आवडतो. म्हणूनच तो इथे कोणालातरी देऊन टाकते. माझाच नेला, तर मी तिथं भांडू कशाशी?

तेव्हा ऐका, हा माझा शब्द. अकोल्यात दर रविवारी तुमचा प्लेअर लावीन. दोन्ही सारखेच निघाले हे पार विसरून जाईन. समोर पाहुणे बसलेले असोत, नाहीतर जावई, तुमच्या प्लेअरला मोठ्यानं नावं ठेवीन. आणि तुमच्या बाजूनं कोणी बोललं नाही, तर थोडं मीच बोलेन.

तुमची,
सुनंदा