निळ्या लोकरीचा कळप

मी, एउसेबिया क्कापा, दिवंगत मारियानो वांका यांची बायको, वय एकाहत्तर, धंदा लोकरीसाठी अल्पाका पाळणे, राहणार चिलकापाता, प्रांत काराबाया, पेरू, पूर्ण शुद्धीवर, शाळामास्तरांसमोर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवते. पाणी फुप्फुसात झाले आहे, डोक्यात नाही. दडपण नाही हे मात्र अर्धेच खरे. माझा धाकटा मुलगा विल्बर अंगणात ट्रक लावून सारखा हॉर्न वाजवतो आहे. पुढे मला बसवून हुलियाकाच्या इस्पितळात न्यायचे आणि मागे माझा कळप भरून खाटकाकडे, असा त्याचा बेत आहे.

"आई, झालं का लिहून? खाटीक थांबलाय खाली. मी शब्द दिलाय."

"तोंड तुझं, शब्द तुझा. जनावरं कोणाची ते मला लिहू दे."

कलम एक. राहते घर विल्बरला. छप्पर गळते हे त्याला ठाऊक आहे.

कलम दोन. पाणथळ कुरण आणि त्याचा पाट यांची वहिवाट कळप जो राखील त्याची. शेजारी आनास्तासियो दर उन्हाळ्यात दगड लावून पाणी आपल्याकडे वळवतो. त्याला मी माझा कुत्रा देते. कुत्रा एरवीही त्याच्यावरच भुंकतो, आता घरी बसून भुंकेल.

कलम तीन. गोफण, लोकर कापायची कात्री आणि औषधांची पेटी नेलिदाला. ही माझ्या थोरल्याची, फोर्तुनातोची विधवा. फोर्तुनातो खाणीत गेला. ही मुलगी समुद्राकाठची. लग्न होऊन इथे उंच डोंगरावर आली तेव्हा दहा पावले चालून धापा टाकायची. मला खूश करायला तिने एकदा जनावरांच्या वाड्यातला लेंड्यांचा ढीग शेवटच्या लेंडीपर्यंत झाडून काढला. अल्पाका ठरल्या जागीच घाण करतात, म्हणून चुलीसाठी ढीग उचलताना थोडा मागे ठेवायचा असतो. जागा हरवली तशी जनावरे भांबावली आणि झऱ्यात घाण करू लागली. तीन पिले हगवणीने गेली. मी तिला नको नको ते बोलले. ती रडत बसली नाही. झऱ्याकाठची घाण टोपलीने उचलून तिने पुन्हा जुन्या जागी नेऊन टाकली.

गेल्या महिन्यात एक तपकिरी मादी दुपार उलटली तरी कळा देत होती. अल्पाका सकाळी विते. उशीर झाला तर पिलू सुकायच्या आत थंडी गाठते. माझ्या बोटांत आता तेवढा जोर नाही. नेलिदाने हाताला तेल लावून हात आत घातला. वर गारा सुरू झालेल्या.

"आई, पिलाचा गुडघा लागतोय हाताला."

"मागे ढकल. ओढू नकोस."

"ती कण्हतेय हो."

"कण्हू दे. तू नको कण्हू."

दिवस मावळायच्या आत पिलू चार पायांवर उभे होते. मला तेव्हा इतका आनंद झाला की मी तिचे तेलकट हात तसेच माझ्या गालांना लावून धरले.

कलम चार. कळप. या कलमात देण्यासारखे माझ्याकडे काही उरलेले नाही. आमच्यात ज्याच्या रंगाची लोकर जनावराच्या कानात, त्याचे ते जनावर. घरात प्रत्येकाचा रंग वेगळा, आणि दुसऱ्याच्या रंगाचे जनावर कोणी विकत नाही, कोणी घेतही नाही. विल्बरची पिवळ्या लोकरीची जनावरे त्याने ट्रकसाठी विकली, तेव्हा मी आडवी आले नाही. लोकर कार्निव्हलच्या सणाला ओवायची असते. तोवर मला धीर नव्हता. आज सकाळी विल्बर आनास्तासियोकडे सूप प्यायला गेला, तेव्हा आम्ही धरणीमातेला कोकाची पाने वाहिली आणि एकेका कानात निळी लोकर ओवली. निळा रंग नेलिदाचा.

"आई, दीर मला जिती सोडायचे नाहीत," ती म्हणाली.

"त्याला जे बोलायचं ते मला बोलेल. सुई दे."

हॉर्न थांबला आहे. त्याने वाड्याचे दार उघडले असणार.

तो आला. दारात उभा आहे.

"हे काय केलंस? मी खाटकाला काय सांगू?"

"सांग, निळी आहेत."

"मी तुझा मुलगा आहे ना? मला काय ठेवलंस? गळकं छप्पर?"

"बस. अजून एक कलम आहे."

कलम पाच. विल्बरची खरी वाटणी. ट्रक रिकामा जाऊ नये, म्हणून मी बसते आहे. बरी झाले तर त्याने मला परत आणावे. मेले तर खालच्या गावात पुरून येऊ नये. याच ट्रकने, याच रस्त्याने मला वर आणावे आणि त्याच्या बापाशेजारी ठेवावे. हे काम मी नेलिदाला दिलेले नाही. ते माझ्या मुलाचे आहे, आणि तो ते करील अशी माझी खात्री आहे.

वरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवला आणि सही केली.

एउसेबिया क्कापा

साक्षीदार: प्रुदेन्सियो ल्यासा, शाळामास्तर
साक्षीदार: विल्बर वांका क्कापा, मुलगा. आणीन.

चिलकापाता, १९ फेब्रुवारी २०१९