अणू धरले की सुट्टी

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. मी ठणठणीत आहे, जेवतोही वेळेवर.

सुट्टीचं मात्र अडलंय, वैताग आलाय नुसता. प्रयोगशाळेत साहेब लेझरच्या उजेडाने अणू थंड करून, म्हणजे त्यांची पळापळ मंद करून, विजेच्या चुंबकाने अधांतरी धरतात. चुंबक तापू नये म्हणून पाण्याचे पाइप मी सांभाळतो. आमचे अणू गुंतागुंतीचे, साध्यांसारखे गुमान बसत नाहीत. काल पहिल्यांदा धरले गेले. मी आनंदाने उडी मारली, टेबलाला धक्का लागला, लेझर हलला आणि सगळे पसार! साहेब म्हणाले, "माकडा, पुन्हा धरल्याशिवाय तुला सुट्टी नाही."

बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन आठ दिवस पुढे ढकलता येईल का? ते घाबरलेत का गं?

लहानपणी तू मला एका जागी कसं बसवायचीस, तेही कळव. साहेबांना अणूंसाठी हवंय, मला माझ्यासाठी.

तुझाच,
चुळबुळ्या