पिंपातली मोकळी जागा

चंदीगड,
९ जानेवारी २०२५

ती. सौ. नयनाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानाचं यंत्र पुन्हा कपाटात ठेवून दिलंस हे वाचून हसू आलं. असू दे. फोनवर मी ओरडायचं आणि तू भलतंच उत्तर द्यायचं, त्यापेक्षा हे बरं. निदान आपलं बोलणं शेजाऱ्यांना ऐकू जात नाही.

इथे आठवडाभर ऊन नाही. समोरच्या ओळीतली घरं धुक्यातून दुपारी कुठे दिसायला लागतात. शैलजा वॉकर धरून बाथरूमपर्यंत जाते, पण परत आली की लगेच आडवी होते. खुब्याचं ऑपरेशन झालं की माणूस चालायला लागतो एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाकीचं आम्ही शिकतोय. तिचं अंग पुसणं, औषधं, व्यायाम, मग माझा स्वयंपाक. कुकर लावून ओट्याशी उभ्या उभ्या डुलकी लागते. तक्रार नाही गं, नुसतं सांगतो.

तुझी अक्षरा नसती तर ते दिवस निभले नसते. दसऱ्याच्या आधी शैलजा पडली आणि पोरगी दुसऱ्या दिवशी डोंगरावरून खाली आली ती दिवाळी संपेपर्यंत राहिली. मामीला उचलणं, बसवणं, केस विंचरणं, सगळं तिने केलं. मोहालीची नोकरी सोडून ती हिमाचलातल्या राजगडच्या वर द्राक्षं लावायला गेली तेव्हा मी तिला वेडी म्हणालो होतो. आता काही म्हणायला तोंड नाही.

येत्या पंचवीस तारखेला तिच्या पहिल्या लाल वाइनची चव घ्यायला इथल्या मराठी मंडळातले काही लोक आमच्याकडेच बोलावलेत, कारण शैलजाला सोडून मला हलता येत नाही. त्यानंतर बाटल्या भरायच्या की नाही ते ती ठरवणार. फेब्रुवारीअखेर बाटल्या भरायचं यंत्र भाड्याने येतंय. सेक्टर एकोणचाळीसच्या संशोधन संस्थेत मी जन्मभर यीस्ट वाढवलं आणि हुंगलं, म्हणून माझं नाक तिला कोर्टाच्या निकालासारखं वाटतं. मामा हो म्हणाला तरच भरीन, म्हणते.

दाजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दामोदर


मिरज,
१७ जानेवारी

चि. दामोदर यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र ह्यांनी मोठ्याने वाचलं आणि मग मी नीट वाचलं, कारण ते मधली वाक्यं गाळतात. ओट्याशी डुलक्या घेऊ नकोस, भाजशील. पोळ्यांना बाई लाव. तिथे मिळत नाही म्हणू नकोस, शोधत नाहीस.

अक्षरा काय करते असं इथे कोणी विचारलं की मी सांगते, फळांचा कारखाना आहे. खोटं कुठे आहे? द्राक्ष फळच. हे म्हणतात, सरळ वाइन सांग, आता मिरजेत कोणी दचकत नाही. त्यांना काय जातंय बोलायला, हळदीकुंकवाला मला जायचं असतं.

पण दामू, एक ऐक. पोरीचे चार पावसाळे त्या डोंगरात गेले. पहिल्या वर्षी गारा पडल्या, दुसऱ्या वर्षी माकडं. लग्नाचं मी विचारायचंच सोडलं. दिवाळीनंतर फोटो पाठवला त्यात गालाची हाडं वर आलेली. तुझ्या तोंडून एक छान ऐकायला ती आसुसली आहे, ते तिला मिळू दे. पानावर बसून नावं ठेवायची नाहीत हे आपल्याला आईने शिकवलं. अळणी आमटी आपण भावंडं हूं की चूं न करता जेवलो आहोत.

आणि शैलजाला त्या दिवशी आतल्या खोलीतच असू दे. ती नागपूरची, मनात येईल ते बोलते. पहिल्या दिवाळीत आईच्या अनारशांना सगळ्यांसमोर तळकट म्हणाली होती, ते मी विसरलेले नाही. तिच्या दुखण्यात हे लिहू नये, कळतं मला. तरी लिहिलं.

तब्येतीला जप. थोरल्या बहिणीचं एवढं ऐकावं.

तुझी,
ताई


चंदीगड,
२७ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

कार्यक्रम पार पडला. दहा-बारा माणसं होती, बहुतेक मोहालीतल्या कंपन्यांमधली. अक्षराचा भागीदार विराज नवी सतरंजी घेऊन आला, परवाने आणि विक्री तो बघतो. रुपेश आणि प्राची हे जोडपं चकल्या घेऊन आलं. अक्षराने आधी सगळं समजावलं. नाशिककडच्या गरम हवेत द्राक्ष भराभर पिकतं, तिथली वाइन दाट आणि जडशी होते. डोंगरावर थंडीत ते सावकाश पिकतं, म्हणून हिचा रंग फिका आणि चव जरा आंबट. खरोखर, ग्लासात आमसुलाच्या सारासारखी दिसत होती. मधोमध एक भांडं ठेवलं होतं, चाखून थुंकायला. एकही जण थुंकला नाही. यजमानाने दिलेलं त्याच्यादेखत थुंकायचं आपल्या माणसांच्या हातून व्हायचंच नाही. रुपेशने तर ते भांडं उष्टं समजून सिंकमध्ये नेऊन ठेवलं. थोड्याच वेळात सगळे गुलाबी झाले आणि ज्याला विचारावं तो छान म्हणायला लागला.

पहिली वाइन स्टीलच्या टाकीतली होती. ताई, मनापासून सांगतो, ती चांगली आहे. आलुबुखार, थोडे मिरे, शेवटी जीभ स्वच्छ. दुसरी लाकडी पिंपांतली, वर्षभर मुरवलेली. तीच तिची खरी वाइन, सहा पिंपं. थंडगार होती तोवर काही कळलं नाही. मग हीटरच्या उबेने ग्लास तापला आणि मागून वास आला. नेलपॉलिश पुसायच्या पाण्याचा, त्याच्याखाली व्हिनेगर. घोट घशाला टोचला.

सगळ्यांची मतं घेऊन झाल्यावर ती माझ्याकडे वळली. मी छान म्हणालो.

तू लिहिलं होतंस म्हणून नव्हे. पिंपातली वाइन लाकडातून थोडी थोडी उडत असते. दर पंधरवड्याला वरून भर घालून ती काठोकाठ ठेवावी लागते, नाहीतर मोकळ्या जागेत हवा शिरते आणि वाइन आंबायला लागते. हे काम अक्षराचं, विराजला त्यातलं कळत नाही. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत ती भर कोणी घातली नाही, कारण ती इथे तुझ्या भावजयीला उचलून बसवत होती. हे मी कोणत्या तोंडाने सांगू? आणि नाही सांगितलं तर महिन्याभरात ती वाइन तिच्या नावाने बाटल्यांत जाईल. उन्हाळ्यात बाटल्या उघडतील तेव्हा वास लपणार नाही. नव्या माणसाचं नाव एकदा गेलं की परत कोण विचारतं?

मला सुचत नाही. तू सांग.

तुझा,
दामोदर


मिरज,
४ फेब्रुवारी

चि. दामोदर यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. मी शांतपणे लिहायचं ठरवलं होतं, जमेलसं दिसत नाही.

गप्प बस. बाकी कोणाला वास आला का? नाही ना. मग तुझंच नाक एवढं शहाणं कशाला? विकत घेणारे काय तुझ्यासारखे यीस्ट हुंगून म्हातारे झालेत? आणि सांगितलंस तर ती पहिली गोष्ट काय समजेल? मामीची सेवा केली म्हणून माझं सगळं गेलं. मग ती जन्मात कोणाच्या मदतीला धावणार नाही, आणि मी तिला दोष देऊ शकणार नाही.

हे म्हणतात, पोरीला कळवा. हे तिथे नाहीत, मीही नाही, म्हणून आम्हाला बोलायला सोपं. खरं सांगू का, मलाही कंटाळा आलाय, रोज सगळ्यांची काळजी करायचा. काही दिवस कोणी काही कळवू नये असं वाटतं. पण तू लिही.

ताई


चंदीगड,
१७ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

जे टाळत होतो ते झालं. परवा अक्षरा लेबलांचे नमुने दाखवायला आली, बरोबर पिंपातली वाइन होती. शैलजा उन्हात खुर्चीवर बसली होती. औषधांमुळे तिला पिता येत नाही. तिने नुसता ग्लास मागितला, हातात धरून बसली, हुंगला आणि म्हणाली की ह्याला वास येतोय, ही भरू नकोस. मी लेबलांविषयी काहीतरी बोलायला लागलो. तिने मला थांबवलं. अक्षराला म्हणाली, तू माझ्याकडे होतीस तेव्हा पिंपं भर न पडता उणी राहिली असणार, माझ्यामुळे झालं, पण म्हणून बिघडलेलं चांगलं होत नाही.

अक्षरा रडली नाही. तिने मला एवढंच विचारलं की मामा, तुला कळलं नव्हतं का. मी म्हणालो, कळलं होतं. खोटं बोलायचीही ताकद राहिली नव्हती. मग तिने विचारलं की आईला माहीत आहे का, आणि त्यालाही मी हो म्हणालो. चहा न घेता निघून गेली. तेव्हापासून फोन नाही.

मी शैलजावर चिडलो. तीस वर्षं कॅपिटॉल कॉम्प्लेक्सच्या सरकारी कचेरीत साहेबांना तोंडावर बोलत आलीस, घरी तरी गप्प बसायचं होतंस, म्हणालो. ती म्हणाली, ज्या पोरीने माझं सगळं काढलं तिच्याशी मी खोटं वागू? मी उठून कुकर लावायला गेलो, ताई.

दमलो आहे. रागावली नसशील तर दोन ओळी लिही.

तुझा,
दामोदर


राजगड,
२६ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न.

तुला ऐकू येणार नाही म्हणून पत्र. आणि फोनवर मी चिडले असते म्हणूनही.

मी सहाही पिंपं तपासली. शेडमध्ये इतकी थंडी असते की वास वर येतच नाही, म्हणून प्रत्येकातली थोडी वाइन स्टोव्हशेजारी कोमट करून बघितली. पाच गेली. खिडकीजवळचं एक वाचलं, का ते मलाही माहीत नाही. टाकीतली चांगली आहे. बाटल्या फक्त त्या दोन्हींच्या भरणार. विराज म्हणत होता की सगळं एकत्र मिसळू, थोडा वास कळणार नाही. दोन दिवस आमचं भांडण चाललं. शेवटी तो शिमल्याला कोणाला तरी भेटायला म्हणून गेला आणि मी पाचही पिंपं एकटीने ओतून दिली. पाइप लावून. सकाळपासून दुपारपर्यंत. शेडच्या मागची जमीन लाल झाली.

मामीला सांग, तिच्यामुळे काही झालेलं नाही. जाताना विराजला नीट शिकवून जायला हवं होतं, ते मी केलं नाही. तिला उचलायला मी पुन्हा येईन.

मामाचा राग आला. नंतर वाटलं, त्याचा कसला, तो बिचारा थकलाय. खरी भीती वेगळीच वाटली. तू मला लहानपणापासून सगळ्याला छान म्हणत आलीस. चित्रं, मार्क, नोकरी, नोकरी सोडणं, हे डोंगर, माझे केस कापलेले. त्यातलं खरं किती होतं? मी इथे एकटी बसून एकेक आठवते आहे आणि मला सांगता येत नाही. पहिल्या वर्षीच्या गारांपेक्षा हे वाईट आहे, आई.

प्राची होळीला सांगलीला जाते आहे, तिच्याबरोबर वाचलेल्या पिंपातली एक बाटली पाठवते. तू कधी प्यायली नाहीस, माहीत आहे. एक घोट घे आणि जे वाटेल ते लिही. छान लिहिणार असशील तर लिहू नकोस.

बाबांना नमस्कार. माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी,
अक्षरा


मिरज,
२० मार्च

चि. अक्षरा हिस,
अ. उ. आ.

प्राची बाटली देऊन गेली. चार दिवस ती फ्रिजच्या वर होती, आत ठेवायचं धाडस होत नव्हतं. काल ह्यांनी उघडली. मी स्टीलच्या वाटीत घेतली.

मला आवडली नाही. आंबट लागली, जीभ आखडली, आणि एवढ्यासाठी लोक पैसे मोजतात हे मला समजलं नाही. ह्यांना आवडली. त्यांनी आज पुन्हा मागितली, पण ते कडू काढाही मागून पितात, तेव्हा त्यांचं मत किती धरायचं ते तू ठरव.

आता तू विचारलंस ते. चित्रं चांगली नव्हती. मार्कांचा खरा आनंद झाला होता. नोकरी सोडलीस तेव्हा मी देवघरात जाऊन रडले आणि बाहेर येऊन तुला शाबासकी दिली. केस वाईट दिसतात. मामाला गप्प बसायला मीच सांगितलं होतं. तुला दुखू नये म्हणून सांगितलं, आणि त्यात तुझी वाइन बाटल्यांत जाऊन नासली असती तरी मी इथे सुखाने जेवले असते. हे लिहिताना लाज वाटते.

शैलजाला मी परवा वेगळं पत्र टाकलं, तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच फक्त तिच्या नावाने. काय लिहिलं ते तिला विचार.

तू या धंद्यात पडलीस ते मला अजून पटलेलं नाही. आणि ती पिंपं ओतताना तू एकटी होतीस, पाइप धरायला दुसरं कोणी नव्हतं, हे वाचल्यापासून मला घास गोड लागत नाही. मला तिथे यायचं आहे. द्राक्षं तोडायची वेळ कधी असते ते कळव. कानाचं यंत्र घालून येईन.

तुझी,
आई