भात्यावरचं ठिगळ

माझ्या धाकट्या भावास थोरल्या बहिणीचे ओंजळभर आशीर्वाद. तुझा गुडघा वाकतो का, आणि भावजय अजून तुला वाकवते का, दोन्ही कळव. मी बरी आहे. मी बोलते आणि नात लिहिते (तिच्या मते मी फार भरभर बोलते, माझ्या मते तिला शाळेत फार सावकाश शिकवलं).

तर आपल्या चर्चमधल्या ऑर्गनची दुरुस्ती निघाली आहे. तू त्याच्यापुढे बसून वाजवत जन्म काढलास, पण मागे काय चालायचं ते तुला कुठे ठाऊक. समोरच्या चकचकीत नळ्या मुक्या, नुसत्या शोभेच्या (आपल्या घरातल्या जावयांसारख्या, तुझे भावोजी सोडून). गाणाऱ्या नळ्या मागे अंधारात, करंगळीएवढीपासून ते माणूस उभा मावेल अशा लाकडी नळीपर्यंत. ती लाकडी वाजली की कानाला कमी आणि बाकाला जास्त कळते. त्यांच्याही मागे भाता, आणि भात्याचा दांडा ओढायला तुझे भावोजी. पुढे मोटर आली, तरी हे जाईपर्यंत तिथेच बसायचे, मोटरवर लक्ष ठेवायला म्हणून (लक्ष मिटल्या डोळ्यांनी ठेवायचे). एका लग्नात नवरी दारात उभी आणि भात्याचं चामडं फाटलं, तेव्हा ह्यांनी पायातला जोडा कापून ठिगळ मारलं. ते जोडे टाकून द्या म्हणून मी मागे लागले होते, ते असे टाकले. तेव्हापासून गाणं संपून मोटर बंद झाली की ठिगळातून एक लांब उसासा निघतो. तो तुला आठवत असेल.

परवा सूर लावणारा कारागीर आला. तो आत नळ्यांत शिरतो आणि बाहेर कुणीतरी एकेक पट्टी दाबून धरायची असते. माझं बोट रिकामं होतं. दुपारचं ऊन रंगीत काचांतून फरशीवर निजलेलं, एकच सूर सारखा चाललेला, आणि माझा डोळा लागला. आतून कुणी ‘पुढची’ म्हणालं, ते मला तुझ्या भावोजींचंच बोलणं वाटलं. मग काय, मी त्यांना सगळं सांगून टाकलं. छप्पर गळतं, नातवाला नोकरी लागली, तुमची खुर्ची हलवलेली नाही. आतून ‘हो, हो’ येत होतं. शेवटी धुळीने माखलेला कारागीर बाहेर डोकावून म्हणाला, “आजी, नोकरीचं फार छान झालं, पण आता पुढची पट्टी दाबा.”

सोमवारी तो जुनं ठिगळ काढून नवं चामडं लावणार आहे. मला त्याचं काही नाही. जोड्याचा तुकडा तो जोड्याचा तुकडा. तब्येतीला जप.

तुझी,
ताई

ता. क. : फादर तुझा शब्द मोडत नाहीत. पत्र मिळताच त्यांना फोन कर आणि सांग, चामडं सगळं बदला, तेवढं ठिगळ राहू द्या, ऑर्गन फार जुना आहे, त्याला उसासा लागतो. वर ‘मला त्याचं काही नाही’ असं आलंय, ते नातीने तिच्या मनाने लिहिलं (मी नाही लिहिलं. – नात).

आणखी एक : मोटर बंद झाल्यावर मी विचारलं होतं, चहा ठेवू का. आतून उसासा आला. कारागीर तेव्हा बाहेर नळावर हात धूत होता. मी भात्यामागे कप ठेवून आले. गार झाला असेल, पण त्यांना तसाच लागायचा.